प्रगत लिनक्स परीक्षा कशी बनते? कोल्हापूरच्या गटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोल्हापुरातले काही सिस्टिम अ‍ॅडमिन शनिवारी संध्याकाळी राजारामपुरीत जमतो. कुणी साखर कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो, कुणी सहकारी बँकेचे, एक जण पुण्याच्या कंपनीचं काम घरातून करतो. ओपन सोर्स यंत्रणा सांभाळणाऱ्या अनुभवी माणसांसाठी आम्ही एक प्रगत परीक्षा घडवतो आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, आणि एकच उत्तर सातव्यांदा टाइप करताना माणूस तुसडा होतो. म्हणून हे पान.

१. मी नुकताच लिनक्स शिकलोय. ही परीक्षा देऊ का?

आत्ता नको. पैसेही जातील आणि हिंमतही. आधी लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची (एलपीआय) एलपीआयसी-१ किंवा रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा द्या, मग तीन-चार वर्षं खरे सर्व्हर सांभाळा. रात्री दोनला उठवणारा फोन एकदा तरी आलेला असावा. आम्ही अनुभवाचा दाखला मागत नाही, पण प्रश्न तो फोन आलेल्यांसाठी लिहिलेले आहेत.

२. प्रगत म्हणजे अवघड, एवढंच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते. आमचीही घसरली होती. पहिल्या मसुद्यात आम्ही टार या फाइली बांधणाऱ्या कमांडचे आडवाटेचे ऑप्शन आणि कुणी न उघडलेल्या फाइलींची नावं विचारली होती. पेपर भयंकर अवघड झाला. त्यातून पाठांतर कुणाचं चांगलं तेवढं समजलं, सर्व्हर कुणाच्या हाती द्यावा हे समजलं नाही.

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये गेलात तर गो-नो-गो गेज दिसेल. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. जॉब किती सुंदर झालाय हे गेज सांगत नाही. बसतो की रिजेक्ट, एवढंच सांगतं. प्रमाणपत्राची परीक्षा हे असलं गेज आहे. ती कितीही कठीण करता येईल, पण काम पेलणारा आणि न पेलणारा यांच्यामधली रेघ तिला ओढता आली नाही तर ते गेज भंगारात द्यायचं.

तर प्रगत म्हणजे काय? एका वेळी दोन-तीन गोष्टी बिघडलेल्या, माहिती अर्धवट, आणि आधी कशाला हात घालायचा हे तुम्हीच ठरवायचं. कमांड साधीच लागते, कधी कधी पहिल्या आठवड्यात शिकवतात तीच.

३. एलपीआय आणि रेड हॅट असताना तुमचं आणखी एक कशाला?

बहुतेकांना आम्ही त्यांच्याच परीक्षा सुचवतो. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट १९९९ पासून काम करते. तिची वरची पायरी एलपीआयसी-३. एलपीआयसी-२ चालू असताना ३०० मालिकेतली एक परीक्षा पास झालात की त्या विषयातली एलपीआयसी-३ मिळते: ३०० मिश्र यंत्रणांची, ३०३ सुरक्षेची, ३०५ व्हर्च्युअलायझेशन आणि कंटेनरची, ३०६ हाय अव्हेलेबिलिटी आणि स्टोरेजची. या परीक्षा कुठल्याही एका डिस्ट्रोला (लिनक्सच्या एखाद्या तयार आवृत्तीला) बांधलेल्या नाहीत, पण ६० प्रश्न ९० मिनिटांत निवडून किंवा भरून सोडवायचे असतात. रेड हॅटची परीक्षा खऱ्या यंत्रावर होते, पण यंत्र रेड हॅटचं. लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस प्रत्यक्ष कामाची आहे, मात्र ती सुरुवातीची पायरी.

डिस्ट्रोला न बांधलेली, प्रत्यक्ष कामाची आणि वरच्या पायरीची परीक्षा आम्हाला हवी होती. आमच्या कागदाला अमेरिकेत कुणी विचारणार नाही. इथल्या कारखान्यांनी आणि बँकांनी विचारलं तरी पुरे.

४. अभ्यासक्रम कोण ठरवतं? तुम्हीच चहा पीत?

चहा पीत हे खरं, पण फक्त आम्ही नाही. सुरुवात पुस्तकाच्या अनुक्रमणिकेपासून होत नाही, कामाच्या यादीपासून होते. अ‍ॅडमिन लोकांना विचारायचं: गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष काय काय केलंत? मग प्रत्येक कामाला दोन आकडे द्यायला सांगायचे. ते किती वेळा करावं लागतं, आणि चुकलं तर किती नुकसान होतं. परीक्षा बनवणाऱ्यांच्या जगात याला जॉब टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात. आम्ही ‘कामाची झडती’ म्हणतो.

दोन आकडे का लागतात, हे बॅकअपच्या वेळी कळलं. ‘बॅकअपवरून अख्खा सर्व्हर परत उभा करणं’ या कामापुढे बहुतेकांनी लिहिलं होतं: वर्षातून शून्य वेळा. नुसती वारंवारिता धरली असती तर हा विषय उडाला असता. पण ऑगस्ट २०१९ चा महापूर शहर विसरलेलं नाही. शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता, बाहेरून माणूस किंवा सामान येणं शक्य नव्हतं. आमच्यातल्या एकाचा सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपची डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात. त्यानं ‘नुकसान’ या रकान्यात पाचपैकी सहा लिहिले. आज आमच्या परीक्षेत सर्वांत जास्त वजन याच विषयाला आहे.

वजन म्हणजे त्या विषयावर साधारण किती प्रश्न येतील त्याचा आकडा. एलपीआय प्रत्येक उद्दिष्टापुढे तो जाहीर छापते. आम्हीही छापतो. काय विचारणार हे लपवून ठेवण्यात काहीच मोठेपणा नाही.

५. अगदी ताज्या गोष्टी विचारता का?

बातमी विचारत नाही, तिच्यामागचं काम विचारतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात घुसवलेलं बॅकडोअर (चोरदार) सापडलं. त्याचा सीव्हीई क्रमांक (अशा त्रुटींच्या जाहीर यादीतला नंबर) विचारून काय साधणार? पण ‘शंभर यंत्रांपैकी कुठल्या यंत्रांवर ही आवृत्ती आहे ते शोधा, मागची आवृत्ती परत बसवा आणि पुढच्या अपडेटला ती परत येणार नाही असं करा’ हे आजही विचारता येतं, पाच वर्षांनीही येईल.

उलट बाजूला जुनं काढून टाकावं लागतं. सेंटॉस लिनक्स ८ या डिस्ट्रोचा आधार, म्हणजे अपडेट मिळणं, ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, सेंटॉस ७ चा ३० जून २०२४ ला. फायरवॉलसाठीच्या आयपीटेबल्सची जागा एनएफटेबल्सनं घेतली. म्हणून कामाची झडती दर काही वर्षांनी नव्यानं घ्यावी लागते.

६. एखादा प्रश्न कसा तयार होतो ते दाखवा ना.

हा आमचा आवडता प्रश्न. आधी वाईट नमुना (डीएफ ही डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड): ‘डीएफ कमांडला आयनोड दाखवण्यासाठी कोणता ऑप्शन देतात?’ मॅन पेजवर (यंत्रावरच असलेल्या कमांडच्या माहितीपानावर) दहा सेकंदात मिळणारं उत्तर. यातून काहीच कळत नाही.

आता चांगला: ‘डिस्क भरली म्हणून सहकाऱ्यानं ४० जीबीची लॉग फाइल डिलीट केली. डीएफ अजूनही १०० टक्के दाखवतं, फाइलींची बेरीज करणारं डीयू मात्र ६ जीबीच मोजतं. अ‍ॅप्लिकेशन रात्री आठपर्यंत बंद करता येणार नाही. आत्ता काय कराल?’

पर्याय चार. एक, सर्व्हर रीबूट करणं. दोन, आणखी जुन्या फाइली शोधून डिलीट करणं. तीन, चालू फाइल सिस्टिमवर एफएससीके ही दुरुस्तीची कमांड चालवणं. चार, डिलीट होऊनही उघडी असलेली फाइल एलएसओएफ या उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडनं शोधून प्रॉकमधल्या तिच्या डिस्क्रिप्टरवाटे ती रिकामी करणं.

उत्तर चौथं. फाइलचं नाव गेलं तरी प्रोसेसनं ती धरून ठेवली असेल तर जागा सुटत नाही. उरलेले तीन आमचे चकवे, आणि चकवा हवेतून काढायचा नसतो. पहिला पर्याय जागा मोकळी करतो, पण अट मोडतो. दुसरा घाबरलेला माणूस खरोखर करतो. तिसरा करणारा आम्ही डोळ्यांनी पाहिलाय, त्याचं नाव सांगत नाही. प्रत्येक चकव्यामागे कुणाची तरी खरी चूक असावी, हा आमचा नियम.

तरीही पहिला मसुदा फसला. इचलकरंजीच्या एका ताईंनी तपासताना विचारलं, ‘सिग्नल देऊन अ‍ॅप्लिकेशनला लॉग पुन्हा उघडायला लावलं तर?’ बरोबर होतं. कित्येक डीमन (मागे सतत चालणारे प्रोग्रॅम) तसं करतात. मग प्रश्नात एक वाक्य वाढलं: ‘हे अ‍ॅप्लिकेशन सिग्नलवर लॉग पुन्हा उघडत नाही.’ चार ओळींच्या प्रश्नावर दोन शनिवार गेले.

७. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय का नसतो?

दोन पर्याय बरोबर आहेत एवढं कळलं की तिसरा न वाचताच उत्तर मिळतं म्हणून. ‘यापैकी नाही’ त्याहून वाईट. बरोबर काय हे माहीत नसलेल्यालाही त्यात गुण मिळतात.

८. पर्याय निवडायचे की प्रत्यक्ष काम करून दाखवायचं?

दोन्ही. कोल्हापूरकराला निकाली कुस्तीच आवडते, गुणांवर सुटलेली नाही, त्यामुळे सुरुवातीला सगळेच म्हणत होते की पर्याय उडवा आणि थेट यंत्र द्या. पण चार तासांत प्रत्यक्ष कामाचे फार तर दहा-बारा प्रसंग होतात. तेवढ्यात सगळे विषय येत नाहीत. निवडीच्या प्रश्नांनी पट रुंद होतो, प्रत्यक्ष कामानं खोल. आमच्याकडे ५० प्रश्न निवडीचे आणि नंतर आठ प्रसंग. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. पहिल्या भागातल्या जादा गुणांनी दुसऱ्याची पडती बाजू सावरता येत नाही.

प्रसंग संपला की यंत्र रीबूट होतं आणि मगच तपासलं जातं. रेड हॅटच्या परीक्षांतही ही अट असते. रीबूटला न टिकणारं काम म्हणजे पावसाळ्याआधी बुजवलेला खड्डा.

९. मी वेगळ्या पद्धतीनं केलं, तर गुण कापणार का?

नाही. शेवटी यंत्र कुठल्या अवस्थेत आहे तेवढं पाहतो. पोर्ट ८४४३ बाहेरून उघडा दिसला पाहिजे. तो फायरवॉलडीनं उघडला की थेट एनएफटेबल्सनं, तुमचं तुम्ही बघा.

पण अवस्था म्हणजे फक्त ‘चालतंय’ नव्हे. वेबसाइट सुरू करण्यासाठी एसईलिनक्स हे सुरक्षाकवच बंद केलंत किंवा फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) दिलंत तर साइट चालेल, गुण शून्य. तपासणीत काय व्हायला हवं याच्या जोडीला काय होता कामा नये याचीही यादी असते.

यात एकदा आम्हीच माती खाल्ली. एका उमेदवारानं सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसमध्ये बदल करताना मूळ फाइलला हात न लावता ड्रॉप-इन, म्हणजे जोडीला वाचली जाणारी वेगळी फाइल टाकली. हीच शहाणपणाची पद्धत. आमची तपासणी स्क्रिप्ट मात्र मूळ फाइलमध्येच तो बदल शोधत होती. सर्वांत नीट काम करणाऱ्याला शून्य. तेव्हापासून स्क्रिप्ट फाइल वाचत नाही, चालू सर्व्हिसलाच तिची सेटिंग विचारते.

१०. डेबियनवाल्यांचं काय?

अर्ज भरताना डिस्ट्रोचं घराणं निवडा, रेड हॅट की डेबियन. प्रसंग तेच राहतात, एसईलिनक्सच्या जागी अ‍ॅपआर्मर, सॉफ्टवेअर बसवायला डीएनएफच्या जागी एपीटी. एका बाजूचा पेपर सोपा निघाला तर पासाची रेघ तेवढी वर जाते. रेघेबद्दल पुढचा प्रश्न.

११. पासिंग किती? ३५ टक्के, ६० टक्के, नक्की सांगा.

नक्की टक्के नाहीत, हेच उत्तर. सोप्या पेपरात ६० टक्के मिळवणारा अवघड पेपरात ४५ वर येईल, माणूस तोच. म्हणून आकडा आधी ठरवून पेपर काढायचा नसतो. पेपर काढून त्यावरून आकडा ठरवायचा.

पद्धत विल्यम अँगॉफ या परीक्षातज्ज्ञांच्या नावानं ओळखली जाते, १९७१ पासून. आपल्या भाषेत ती फार सोपी आहे. डोळ्यांसमोर आणायचा ‘काठावर पास’ होणारा उमेदवार: हुशार नाही, ढ नाही, काम जेमतेम पेलेल असा. मग प्रत्येक परीक्षकानं प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं: अशा शंभर जणांपैकी किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील?

समजा पाच परीक्षकांनी एका प्रश्नाला ६०, ७०, ५०, ६५ आणि ५५ दिले. सरासरी ६०, म्हणजे त्या प्रश्नाचं मोल ०.६०. असे ५० प्रश्नांचे आकडे मिळवले आणि बेरीज ३१.४ आली, तर रेघ ३२ वर.

ऐकायला छान वाटतं, पण पहिल्या बैठकीत भांडणं होतात. सगळ्यांत अनुभवी माणूस प्रत्येक प्रश्नापुढे ९० लिहितो, कारण ‘हे काय, कुणालाही येतं’. आपल्याला जे वीस वर्षांपूर्वी आलं ते कधी येत नव्हतं हेच तो विसरलेला असतो. म्हणून चर्चा होते, चाचणी परीक्षेचे खरे आकडे समोर ठेवले जातात आणि मग दुसऱ्यांदा अंदाज घेतात. दुसरा अंदाज धरायचा.

मोठ्या संस्था कच्चे गुण वेगळ्या मापावर बसवतात, म्हणजे निरनिराळ्या पेपरांचे निकाल एका पातळीत येतात. एलपीआयचं माप २०० ते ८००, पास ५०० ला. त्यामुळे ‘५०० म्हणजे ८०० पैकी साडेबासष्ट टक्के’ हा हिशेब करू नका. रोज कुणी तरी करतो.

१२. प्रश्नच चुकीचा निघाला तर?

निघतात. म्हणून खऱ्या परीक्षेआधी चाचणी होते आणि प्रत्येक प्रश्नाची चौकशी होते. धरा, १०० जणांनी पेपर दिला. एकूण गुणांनुसार वरचे २७ आणि खालचे २७ वेगळे काढायचे. या २७ टक्क्यांच्या गटांचा अभ्यास ट्रुमन केली या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडला. वरच्यांपैकी २० जणांचं आणि खालच्यांपैकी ८ जणांचं उत्तर बरोबर असेल, तर फरक १२ भागिले २७, म्हणजे ०.४४. गेज उत्तम. पण वरच्यांपैकी ११ आणि खालच्यांपैकी १५ आले, तर समजायचं की हुशार माणसाला प्रश्नात काहीतरी दिसलंय जे लिहिणाऱ्याला दिसलं नव्हतं. बहुतेक वेळा उत्तरतालिका चुकलेली असते, किंवा दुसरंही उत्तर बरोबर असतं.

आमच्याकडे एका वेळी वीस-बावीस जण बसतात. एवढ्यावर हे गणित फार ताणायचं नसतं. आकडा संशय दाखवतो, निर्णय चर्चेनं होतो. खऱ्या परीक्षेत चुकीचा प्रश्न सापडला तर तो सगळ्यांच्या पेपरातून वगळून रेघ पुन्हा मोजली जाते. सरसकट गुण वाटत नाही.

१३. माझा क्लास आहे. प्रश्न लिहायला येऊ का?

या, पण एकाच दारानं. वस्तादानं आपल्याच पठ्ठ्याच्या कुस्तीला पंच म्हणून उभं राहायचं नसतं, हे खासबागेत लहान पोरालाही माहीत असतं. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे मानक आहे. शिकवणं आणि परीक्षा यांच्यातल्या हितसंबंधांवर लक्ष ठेवायला तेही सांगतं.

क्लासवाल्यांना आम्ही कामाच्या झडतीत बोलावतो, कारण माणसं कुठे अडखळतात हे त्यांना जास्त कळतं. प्रश्नसंचाजवळ मात्र नाही. लिहायचं असेल तर क्लास सोडल्यानंतर दोन वर्षांनी. कडक आहे, माहीत आहे. एक चांगला मित्र यावरून सहा महिने बोलत नव्हता.

१४. जुने पेपर मिळतील का? टेलिग्रामवर ‘डम्प’ (फोडलेले प्रश्न) मिळतात म्हणे.

नमुन्याचे प्रश्न देतो, प्रश्न ६ मधल्यासारखे. जुने पेपर नाही, कारण चांगला प्रश्न बनायला आठवडे लागतात आणि तो पुन्हा वापरायचा असतो.

डम्पबद्दल: मोठ्या परीक्षांमध्ये बसताना तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही करता. प्रश्न बाहेर दिल्याचं सिद्ध झालं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय त्यातली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, आणि ती पाठ करणारे सगळे एकाच चुकीच्या उत्तरावर जातात. आकड्यांत ते लगेच उठून दिसतं. प्रत्यक्ष प्रसंगांत यंत्रांची नावं, डिस्कचे आकार आणि बिघाडाची जागा दर वेळी बदलते, तिथे डम्प कामाचा नाही.

१५. परीक्षेत मॅन पेज, इंटरनेट, एआय वापरता येईल?

मॅन पेज आणि यंत्रावरची सगळी कागदपत्रं हवी तेवढी वापरा. कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या सीकेए परीक्षेत अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडता येतं, ते आम्हाला पटतं. इंटरनेट नाही.

एआयवर आमच्यात दोन तट आहेत. कामावर सगळे वापरतात, मग परीक्षेत का नाही, असं तरुण म्हणतात. माझं मत: पुरात इंटरनेट आधी जातं. शिवाय एआयनं दिलेली कमांड रूट (सर्वाधिकारी) म्हणून चालवायची की नाही हे ठरवायला आतलं काहीतरी यावंच लागतं, आणि तेच आम्हाला मोजायचंय. सध्या बंद.

१६. पेपर मराठीत का काढत नाही?

काढतो. एरर मेसेज, लॉग आणि कमांड जशाच्या तशा इंग्रजीत, प्रसंगाचं वर्णन हवं तर मराठीत. पहिल्या भाषांतरात एकानं ‘सर्व्हिस’ला ‘सेवा’ आणि ‘माउंट’ला ‘आरोहण’ केलं. उमेदवार हसले आणि वेळही घालवून बसले. आता आम्ही बोलतो तसं लिहितो: ‘सर्व्हिस रिस्टार्ट केली तरी डिस्क माउंट होत नाही.’ एक सावधगिरी: मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं आणि घाईत सुटतं. म्हणून नकारार्थी प्रश्न टाळतो.

१७. प्रमाणपत्र किती वर्षं चालतं?

आमचं तीन. रेड हॅटचंही तीन, एलपीआयसीचं पाच, सीकेएचं आता दोन. साधन जितकं लवकर बदलतं तितकी मुदत कमी. नूतनीकरणाला फक्त प्रत्यक्ष भाग द्यावा लागतो.

१८. मध्येच वीज गेली तर?

जुलैत हमखास जाते. यंत्रं यूपीएसवर आहेत. तरी बंद पडलं तर घड्याळ थांबतं, आणि दर दहा मिनिटांच्या स्नॅपशॉटवरून पुढे सुरू होतं. त्या गोंधळात लिहिलेलं गेलं असेल तर पाच मिनिटं जादा.

१९. आमचे सर पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळतात, ते नापास झाले. मग परीक्षाच चुकीची ना?

कधी कधी हो. म्हणून असा निकाल आला की आम्ही पेपर पुन्हा काढून बसतो. दोन गोष्टी तपासतो: ते कुठल्या विषयात पडले, आणि पडले त्या प्रश्नांत इतर वरचे उमेदवारही पडले का. पहिल्यासाठी प्रत्येकाला विषयवार निकाल देतो, नुसतं पास-नापास नाही. दुसऱ्यासाठी प्रश्न १२ मधला हिशेब.

आमच्याच गटातले ज्येष्ठ दादा चाचणीत नापास झाले होते. मेल सर्व्हरमध्ये त्यांच्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नसेल. स्टोरेजला मात्र बारा-तेरा वर्षांत हात लागला नव्हता, कारण ऑफिसात ते काम दुसरा माणूस करायचा. तिथे परीक्षा बरोबर होती, आणि त्यांनीही ते मान्य केलं. मेलवरच्या एका प्रश्नातही ते चुकले होते. तो वाचून ते म्हणाले, ‘हे असं कुणी करतच नाही.’ आम्ही उत्तरतालिका उघडली, तासभर वाद झाला आणि तो प्रश्न काढून टाकला. स्टोरेजचे राहिले. दादा दिवाळीनंतर पुन्हा बसणार आहेत.